थोरल्या जावयाचा पहिला घास

“तुमच्या अल्लाला मशीन काहून चालत न्हाई?” आमच्या कुक्कुटपालन सोसायटीच्या चेअरमनने मला भर सभेत विचारलं.

मी म्हणालो, “अल्लाला काय चालतं ते मौलाना सांगतील. मला पातं कुठं लागतं तेवढं बघू द्या.”

लोक हसले, चेअरमन हसला नाही. तेव्हापासून त्याचं-माझं बोलणं वाकडंच राहिलं.

मी त्या सोसायटीचा सभासद. माझंही एक शेड होतं. सोसायटीने कर्ज काढून कोंबड्या कापायचं मशीन आणलं होतं आणि बीडच्या मुसलमान मोहल्ल्यांत, लग्नकार्यात माल हलाल म्हणून खपवायचा होता. त्यासाठी मशीनचं बटण दाबायला मुसलमान माणूस हवा होता. माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या साल्याला, ते काम मिळालं. सकाळी तकबीर, म्हणजे अल्लाचं नाव, घेऊन बटण दाबायचं आणि मग पात्याशेजारी सुरी घेऊन उभं राहायचं.

मी आमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, यात मुफ्तींची दोन मतं आहेत. काही म्हणतात, बटण दाबताना घेतलेलं नाव त्या फेऱ्यातल्या कोंबड्यांना पोचतं. बरेच जण म्हणतात, प्रत्येक जिवाला वेगळं नाव हवं. एकदा म्हणून दिवसभर चालत नाही आणि टेप लावून तर नाहीच. “पण एका गोष्टीत मतभेद नाही,” ते म्हणाले. “जीव सुरीने जायला हवा. श्वासाची नळी, अन्नाची नळी, दोन शिरा, या चारांतल्या निदान तीन कापल्या जायला हव्यात. त्याआधी मेली तर ती मुर्दार, खायला हराम.”

दोन मतांत निवड करायची माझी लायकी नाही. मी मशीन बघायला गेलो.

ते वर्ष दुष्काळाचं. टँकर एक दिवसाआड यायचा आणि खाद्य महागलेलं. ज्यांच्या बोअरला पाणी होतं त्यांच्या कोंबड्या दोन किलोवर जायच्या. बाकीच्यांच्या, माझ्यासकट, सव्वा किलोतच उचलाव्या लागायच्या. सगळा माल एकाच गाडीत यायचा. मशीनवर कोंबडी पायांनी उलटी टांगतात. आधी तिचं डोकं करंट सोडलेल्या पाण्यातून जातं, मग मान फिरत्या पात्याला लागते. पातं दोन किलोच्या मापाने बसवलेलं. हलकी कोंबडी आखूड. तिचं डोकं ना त्या पाण्यात बुडायचं, ना मान पात्यापर्यंत पोचायची. ती पंख फडफडवत तशीच पुढे जायची. पुढे पिसं सुटी करायचं कढत पाण्याचं टाकं.

“ही बघ, न कापताच गेली,” मी साल्याला म्हणालो.

“मी कशाला उभा हाय, दुल्हाभाई?” असं म्हणत त्याने सुरीने ती गाठली. हात चांगला होता त्याचा, तोंडाने तकबीरही चालू होती. तेवढ्यात पलीकडून सुपरवायझर ओरडला, “ए, क्रेट उचलाया ये बे! गडी सगळे ऊसतोडीला गेलेत, मी काय एकटा मरू?” साला सुरी ठेवून गेला. मशीन चालूच होतं. तो परत येईपर्यंत मी मोजलं. वीस-बावीस कोंबड्यांमागे एक जिवंत टाक्यात पडत होती. पलीकडून सगळ्या सारख्याच पांढऱ्याशुभ्र निघत होत्या. कोणती कशाने मेली, हे मग कोणालाच सांगता आलं नसतं.

पुढच्या महिन्यात साल्याच्या मुलीचं लग्न होतं. लग्नाची सगळी मुर्गी चेअरमनने सोसायटीतर्फे भेट म्हणून कबूल केली. माझ्या सासुरवाडीत रिवाज असा की दस्तरखान, म्हणजे जेवणाची पंगत, घरचा थोरला जावई उघडतो. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय पाहुणेही हात घालत नाहीत. थोरला जावई मी.

मी आठ दिवस आधी साल्याच्या घरी गेलो. “माझ्या शेडमधल्या घे. आपण हाताने कापू. पैसे नकोत.”

“आन् साहेबांनी दिल्याली परत करू?” तो म्हणाला. “मग कामावर कोणतं तोंड घेऊन जाऊ? लेक सासरला धाडून मी ऊसतोडीचा कोयता घेऊ का?”

“तुझ्या डोळ्यांदेखत त्या टाक्यात पडतात.”

“मंग तुमी नका बघू. सगळा जिल्हा खातोय, एक तुमालाच हिशेब लागतो.”

माझी बायको तिथंच बसली होती. ती भावाकडे बघत मला म्हणाली, “एक घास खाल्ला तर तुमचं काय जाणार आहे?”

लग्नाला मी गेलो. वरात उमापूरकडून आली होती. दस्तरखानावर मला नवरदेवाच्या वडिलांशेजारी बसवलं. चेअरमन समोर खुर्ची टाकून बसला होता. मी बिस्मिल्लाह म्हणून बगाऱ्याच्या, म्हणजे फोडणीच्या, नुसत्या भाताचा घास घेतला. सगळ्यांचे हात ताटांत गेले. मला वाटलं, निभावलं.

पण नवरदेवाच्या वडिलांनी मान द्यायचा म्हणून मुर्गीच्या सालनाचा, म्हणजे रश्श्याचा, डाव स्वतः उचलून माझ्या ताटाकडे आणला. मी ताटावर हात धरला.

“काय झालं? परहेज आहे का?”

मागे वाढायला उभा असलेला साला घाईने म्हणाला, “बीपी हाय त्यान्ला. डॉक्टरनं मटण-मुर्गी बंद केलीय.”

ते माझ्याकडे बघत राहिले. होय म्हणणं सोपं होतं. पण माझ्या शब्दावर ते खाणार होते.

“बीपी नाही मला,” मी म्हणालो. “ही मशीनवर कापलेली आहे. काही न कापताच कढत पाण्यात मेल्या, ते मी पाहिलंय. कोणत्या, ते सांगता येणार नाही.”

त्यांनी हातातला डाव परत ठेवला. दस्तरखानाच्या टोकापर्यंत हात थांबत गेले. चेअरमन मोठ्याने म्हणाला, “घ्या! फुकट दिलं तरी ह्यांचं रडगाणं हायेच. पोरीच्या लग्नाची तरी लाज ठेवायची व्हती.”

वरात भात आणि गोडाचं खाऊन उठली. मुलीच्या सासऱ्याने जाताना साल्याशी हात मिळवला नाही. वरात गेल्यावर साला मांडवाच्या दाराशी मला म्हणाला, “आता ती तिथं जे ऐकंल ते तुमच्यापायी. माझ्या दारात पाय टाकू नका.”

घरी आल्यावर बायकोने बुरखा खुंटीला अडकवला आणि म्हणाली, “मी खाल्लं. तुम्ही काय बोललात ते बायकांच्या पंगतीत कळल्यावर खाल्लं. पोट भरून.”

तिचा भाऊ होता. पण मी तिला समजून घेतलं असं म्हणणार नाही. मला रागच आला, आणि अजून तो गेलेला नाही.

दोन महिन्यांत मशीन बंद पडलं. टाक्याला आणि धुवायला पाणी फार लागायचं आणि टँकरवाल्याने हात वर केले. फतव्याने ते बंद पडलं नाही, माझ्या बोलण्याने तर नाहीच. मौलानांनी तोवर काही लिहूनही दिलं नव्हतं. पण चेअरमनने सभेत माझंच नाव घेतलं आणि लोकांना तेच पटलं. साला त्या हंगामात कोयता घेऊन कर्नाटकात गेला. जाताना बहिणीला निरोप होता, मला नव्हता.

त्या घरात आता धाकटा जावई दस्तरखान उघडतो. मला बोलावणं नसतं, बायको एकटी जाते. माझ्या शेडमध्ये पुन्हा कोंबड्या आहेत, यंदा पाणीही बरं आहे. ईदला मी एक निवडून, नाव घेऊन, स्वतःच्या हाताने कापली आणि साफ करून चुलीशी ठेवली.

“शिजवा तुमचं तुम्ही,” बायको म्हणाली.

मला शिजवता येत नाही. संध्याकाळी मी ती शेजाऱ्यांना देऊन आलो.