ब्रेकबाईंची जीप

गावात ज्यांना गाडी चालवता येते, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात एक वाक्य कायमचं बसलेलं आहे : "घाबरलात? दोन्ही पाय खाली!" डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर, गाडी जागच्या जागी. हे वाक्य बाजारामागच्या गल्लीत ड्रायव्हिंग क्लास चालवणाऱ्या बाईंचं. क्लासच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक आहे आणि बाईंचा उजवा पाय वर्षानुवर्षं त्याच्यावर मुक्कामाला आहे. त्या पायामुळे किती सायकली, किती कुत्री आणि किती दुकानांच्या पायऱ्या वाचल्या, याची मोजदाद नाही. शिकायला येणारे त्यांना पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणतात. बाईंना ते ठाऊक आहे आणि चालतं. घरी टीव्हीवर एखादी गाडी भरधाव आली तरी बाईंचा पाय फरशीवर दाबला जातो, अशी त्यांच्या मिस्टरांची तक्रार आहे.

अशा बाईंनी पन्नाशी उलटल्यावर डोंगरात जीप चालवायला घेतली, त्याला कारण त्यांचा थोरला भाऊ.

दादा मधमाश्या पाळतात. त्यांच्या पेट्या गावामागच्या डोंगरावर, पठाराच्या कडेला मांडलेल्या आहेत. तरुणपणापासून ते पायी वर जात आले. मग गुडघा गेला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर हवं तेवढं चाला, डोंगराचं नाव काढू नका. पठार फुलायला लागलं की पेट्या वरचेवर उघडून बघाव्या लागतात. आतली गर्दी वाढली की निम्म्या माश्या राणीला घेऊन उठून जातात आणि माणूस रिकाम्या चौकटी बघत बसतो. पेट्या खाली आणून ठेवायला जागा नव्हती असं नाही, पण फुलं वर होती.

दादा धाकट्या भावाकडे राहतात. धाकटा व्यवहारी माणूस. त्याने पेट्यांना गिऱ्हाईक शोधलं आणि घरातल्या सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं.

"भाड्याची गाडी करून बघितली," धाकटा म्हणाला. "पहिलं वळण बघूनच ड्रायव्हर म्हणाला, यांना माणसं लावून उचलून न्या. गाडी नेत नाही."

"मी नेईन त्याला," बाई म्हणाल्या.

धाकटा हसला. "ताई, तू? तू स्वतःच्या गेटमधून गाडी काढताना तीनदा हॉर्न वाजवतेस."

"म्हणूनच आजवर कोणाला धडकले नाही."

"अगं, तो रस्ता नाही. दगड सांडलेत तिथे."

"सांडलेत तर सांडलेत. त्यातूनच चालायचा ना दादा?"

दादा खिडकीशी बसून नखात अडकलेलं मेण काढत होते. म्हणाले, "माझ्या पेट्यांचा निकाल लागतोय आणि मला कोणी विचारत पण नाही."

"तुला विचारलं की तू म्हणणार, मी चालत जातो," बाई म्हणाल्या. "गप्प बस."

शेवटी ठरलं ते असं. पठार फुलायच्या आत बाईंनी दादांना एकदा वर न्यायचं आणि धडधाकट खाली आणायचं. जमलं तर पेट्या राहतील. नाही जमलं तर गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल. धाकट्याने होकार दिला तो बहुधा हे जमायचं नाही या भरवशावर.

जीप मिळाली ती एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात. चाकं काढलेली, खाली विटा लावलेल्या, मागच्या सीटवर कोंबड्यांचा संसार. बाईंनी ती टेम्पोत चढवून फिटरच्या शेडमध्ये नेली. फिटर त्यांचाच विद्यार्थी. लायसन्स बाईंच्या हाताखाली काढलेलं. सुट्टीच्या दिवशी त्याच्यासारखेच चार वेडे जमवून डोंगरातल्या वाटांवर गाड्या चढवणं हा त्याचा छंद. जीपभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "बाई, इंजिन आहे. बाकी सगळं मनाने समजून घ्यायचं."

क्लास सुटला की बाई शेडवर जायच्या. मिस्टरांचा जुना शर्ट अंगावर, केस रुमालात बांधलेले. त्या आधी बघायच्या, मग पाना हातात घ्यायच्या, आणि एकदा घेतला की काम संपेपर्यंत सोडायच्या नाहीत. पायाखालचा पत्रा गंजून जाळी झाला होता. तो कापून नवा बसवला. मागचे स्प्रिंगचे पाटे बसले होते. ते उतरवून, वाकवून, वर एकेक पान घालून चढवले, तेव्हा जीप चवड्यांवर उभी राहिल्यासारखी उंच झाली. पोटाखाली, तेलाच्या टाकीला दगड लागू नये म्हणून, जाड पत्र्याची ढाल आली. टायर खोल खाचांचे घेतले. चारही चाकांना ताकद देणारा, लो गिअरचा छोटा दांडा वापराविना जाम झाला होता. फिटरने हातोडा उचलला. बाईंनी तो काढून घेतला आणि सांध्यात रोज थोडं तेल सोडत राहिल्या. एका संध्याकाळी दांडा आपसूक पुढे सरकला. फिटरने हातोडा भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवला.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. बाईंना शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक हवा होता.

"कशाला?" फिटर म्हणाला.

"शिकायची गाडी आहे. दोन ब्रेक हवेतच."

"पण बाई, शिकणार तुम्ही. मग शेजारी मास्तर कोण बसणार?"

"हे बसतील," बाई म्हणाल्या. 'हे' म्हणजे मिस्टर. औषधाच्या दुकानात बसणारे शांत गृहस्थ. त्यांना गाडी बाईंनीच शिकवली होती. फिटरने कपाळाला हात लावला आणि सळई जोडून दुसरा ब्रेक बसवून दिला.

पहिल्या रविवारी फिटरने त्यांना पायथ्याजवळच्या जुन्या दगडखाणीत नेलं. चढताना काही अडलं नाही. जीप लो गिअरमध्ये घुरघुरत वर गेली, बाई खूश झाल्या, मिस्टर वरची मूठ धरून "छान, छान" म्हणत राहिले. उतरताना उलटं झालं. पुढचं सगळं दिसेनासं होऊन नुसतं बॉनेट आणि त्याच्या खाली दरी दिसायला लागली. चाकाखाली खडी सरकली. मिस्टर घाबरले आणि घाबरल्यावर काय करायचं हे त्यांना चोख शिकवलेलं होतं. त्यांनी जादा ब्रेक जिवाच्या आकांताने दाबला. त्याच क्षणी बाईंचा डावा पाय क्लचवर गेला. चाकं जागीच थांबली. जीप मात्र थांबली नाही. खडीवरून घसरगुंडीसारखी आडवी निघाली आणि एका दगडावर कूस आपटून उभी राहिली. मागचं एक चाक हवेत.

बाईंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"अहो, ब्रेक कशाला दाबलात?"

"तूच शिकवलंस! घाबरलात की..."

"ते रस्त्यावर!"

"मग हे कुठे सांगितलं होतंस?"

फिटर उतारावरून धावत आला. दोघं धड आहेत हे बघून त्याने आधी श्वास सोडला, मग आवाज चढवला. बाईंवर आवाज चढवण्याची ही त्याची पहिलीच वेळ. "बाई, खडीवर ब्रेक म्हणजे बर्फावर साबण! आणि क्लच दाबलात की इंजिनने धरून ठेवलेली गाडी तुम्हीच सोडून दिलीत. इथे घाबरलात तर काहीच करायचं नाही."

काहीच करायचं नाही, हे बाईंना कोणी आजवर सांगितलं नव्हतं. त्यांचा सगळा धंदा वेळेवर काहीतरी करण्यावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्या शेडवर गेल्या, जीपखाली शिरल्या आणि जादा ब्रेकची सळई स्वतःच्या हाताने काढून टाकली. कुशीचा पोचा तसाच ठेवला. फिटर पत्रा सरळ करायला निघाला तेव्हा म्हणाल्या, "राहू दे. त्याने गाडी अडत नाही."

सळई गेली, पण सवय पायातच होती. पुढच्या वेळी शेजारी कोणी नव्हतं, तरी उतारावर बाईंचे दोन्ही पाय खाली गेले आणि जीप घसरली. त्याच्या पुढच्या वेळीही. तेव्हा फिटरने एक सौम्य उतार निवडला, जीप लो गिअरच्या पहिल्यात टाकायला लावली आणि स्वतः गाडीच्या पुढे, पाठमोरा चालायला लागला.

"पाय पत्र्यावर ठेवा, बाई. दोन्ही. सपाट."

"तू पुढून बाजूला हो आधी!"

"मी चालतोय. गाडी माझ्या मागे आहे. बघा, मला गाठतेय का?"

गाठत नव्हती. जीप त्याच्या मागून म्हाताऱ्या बैलासारखी डुलत येत होती. फिटर मध्येच थांबून बुटाची नाडी बांधण्याचं नाटक करायला लागला, तेव्हा बाई ओरडल्या, "उठ, मेल्या!" पण पाय हलवले नाहीत. तो हसत बाजूला झाला. त्या दिवशी त्यांनी तोच उतार पुन्हा पुन्हा केला. प्रत्येक वेळी पाय उचलावासा वाटला आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो दाबून धरला, हट्टी मुलाचा हात धरावा तसा. शेवटचा धडा याहून अवघड होता. मागचं घसरायला लागलं तर ब्रेक सोडाच, उलट अॅक्सिलरेटरला बोटभर दाब द्यायचा. चाकं फिरली तरच दगड धरतात.

सकाळी क्लासमध्ये मात्र त्या तेच जुनं वाक्य सांगत होत्या. बाजारपेठेत ते अजूनही खरं होतं. ज्या पायाला सकाळी एक आणि दुपारी त्याच्या नेमकं उलट शिकवायचं, त्या पायाची अवस्था काय होत असेल, हे मिस्टरांनी विचारल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "बूट बदलते. डोंगराचे वेगळे ठेवलेत."

पठारावर कुठेकुठे कळ्या दिसायला लागल्याची बातमी आली आणि दिवस ठरला. धाकटा आपली मोटार घेऊन पायथ्याशी आला. गिऱ्हाइकाला संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. दादा जाळीची टोपी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. गुडघ्याखाली उशी.

वर जाताना दादा वाट सांगत होते. "डावीकडून घे. तिथे पाय चांगला बसतो."

"दादा, मला पाय नाही बसवायचा, चाक बसवायचंय."

"मी इतकी वर्षं चालतोय इथून."

"म्हणूनच तुला फक्त एवढीशी जागा लागते. मला दोन्हीकडे लागते."

दादांनी मान बाहेर काढून खाली बघितलं, आपल्या नेहमीच्या वाटेवरून फक्त डावं चाक चाललंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग ते वाट सांगायचे थांबले.

वर पोचल्यावर त्यांनी बहिणीकडे पाहिलंही नाही. लंगडत पेट्यांकडे गेले, धूर केला, झाकणं उचलली. बाई जीपच्या सावलीत बसून राहिल्या. दादा एकेक चौकट उन्हात धरून माश्यांशी बोलत होते. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. सूर रागावल्यासारखा होता, जसा खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाचा असतो.

खरी परीक्षा उतरताना होती. मधल्या टप्प्यात एक लांब कातळ आहे, उतरता, वर बारीक खडी पसरलेली. बाई तिथे थांबल्या, खाली उतरल्या, कातळ चालून बघितला, परत येऊन बसल्या. लो गिअर, पहिला. दोन्ही पाय पत्र्यावर. जीप नाक खाली घालून निघाली. निम्म्यात खडी सुटली, आणि मागची बाजू हळूच दरीकडे वळायला लागली.

"अगं, धर! धर तिला!" दादा ओरडले.

बाईंचा उजवा पाय उठला. इतक्या वर्षांचं सगळं शिक्षण त्याला एका बाजूला ओढत होतं. तो ब्रेकवरून पुढे गेला आणि अॅक्सिलरेटरवर बोटभर दबला. इंजिन गुरगुरलं, चाकांनी कातळ धरला, मागची बाजू सरळ झाली. मग पाय पुन्हा पत्र्यावर. कातळ संपला, माती लागली.

"तू वेग वाढवलास," दादा म्हणाले.

"हो."

"घसरत असताना?"

"हो."

दादांनी मांडीवरची टोपी सरळ केली. "माश्यांचंही तसंच असतं," म्हणाले. "अंगावर आल्या की हात झटकायचा नसतो. सगळे झटकतात."

पायथ्याशी धाकटा मोटारीला टेकून उभा होता. त्याने आधी दादांना बघितलं, मग जीपला, मग बहिणीला. खिशातून फोन काढला आणि हातातच धरून ठेवला.

"काय सांगू त्याला?"

"सांग, पेट्या विकायच्या नाहीत," दादा म्हणाले.

धाकट्याने मान हलवली. गिऱ्हाइकाला फोन लावून चार शब्दांत विषय संपवला. मग दादांना उतरवायला हात पुढे केला. दादा उतरले नाहीत. कपाळावर आठ्या घालून ते डोंगराकडे बघत होते.

"शेवटच्या पेटीच्या झाकणावर दगड ठेवायचा राहिला," ते म्हणाले. "वारा सुटला तर झाकण उडेल."

"मग उद्या जा की," धाकटा म्हणाला.

"उद्या माझे क्लास आहेत," बाई म्हणाल्या. त्यांनी चाकांकडे एक नजर टाकली, पाण्याच्या बाटलीतून दोन घोट घेतले आणि लो गिअरचा दांडा पुन्हा पुढे ढकलला. "ऊन आहे तोवर जाऊन येऊ. दादा, उशी नीट कर."

धाकटा बाजूला झाला. जीप वळली, पहिल्या दगडावर चढली आणि घुरघुरत वर निघाली.