सहा चौकटी आणि एक वेणी

मंडळी, आज मी भांडलो नाही!

मंगळवार पेठेतल्या चप्पलवाल्या काकांनी त्यांच्या दुकानासाठी मी केलेलं वेबसाइटचं डिझाइन दोनदा नाकारलं, तेव्हा मी जाम तडकलेलो. त्यांची लेक सायली म्हणाली, "बाबा कातड्याआधी कागद कापतात. तूपण आधी कागदावर काढ की!"

कॉलेज सोडल्यापासून आज पहिल्यांदा वही उघडली. काडेपेटीएवढ्या सहा चौकटी काढल्या: मेनू कुठं, फोटो कुठं. नेऊन दाखवल्या.

काकांनी चौथीवर बोट ठेवलं. "ही झकास हाय. पण चपलांच्या फोटोच्या जागी ही वेणीवाली कोण?"

मी पटकन चौथीवर हात ठेवला!

सायलीनं वही ओढली. "चौथीच ठेवा, बाबा." मग हळूच मला म्हणाली, "वेणी मी फक्त सोमवारी घालते. बरं ध्यान हाय तुझं!"

सांगा, पुढचं पान दाखवायला सोमवारीच जाऊ न्हवं?