ड्रॉवरमधला दुसरा चष्मा

"पडला जी," रंजना म्हणाली आणि चष्म्याचे दोन तुकडे तिनं काउंटरवर ठेवले.

समता कॉलनीतल्या एका चष्म्याच्या दुकानात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचा आणि चष्मा नाकावर नीट बसवून द्यायचा. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे. वर्ध्याहून लग्न करून रायपूरला आले, तेव्हापासून हेच काम करते आहे. त्यामुळे चष्मा मोडला कसा, हे मला तुकड्यांवरून समजतं. पडलेल्या चष्म्याच्या काचेचा कडेला टवका उडतो. कुणी त्यावर बसलं तर काड्या बाहेर फाकतात. लेकरानं ओढला तर नाकावरचे पॅड वाकडे होतात.

रंजना आमची जुनी ग्राहक; रिक्षावाल्यानं तिला हाताला धरून दारापर्यंत आणलं होतं. तिच्या चष्म्याच्या काड्या सरळ होत्या. फ्रेम मात्र बरोबर मधोमध मोडली होती, दातणाची काडी मोडतात तशी. आणि दोन्ही काचांवर गोल गोल ओरखडे होते.

"पडलेला चष्मा फरशीवर असा गोल घासला जात नाही, रंजना."

तिनं दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. मग म्हणाली, "मारत नाहीत ते, ताई. आजवर हात नाही लावला. फक्त चष्मा तोडतात."

हे तिनं नवऱ्याची बाजू घेतल्यासारखं सांगितलं. मला असा राग आला की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा लागला.

रंजनाचा नंबर मायनस नऊ, वर सिलिंडरचा तिरका नंबर. साध्या भाषेत सांगायचं तर पुस्तक नाकाला टेकवलं तरच अक्षर दिसतं. त्यापलीकडे माणूस आहे की खांब, हेही सांगता येत नाही. लहान नंबरच्या काचा दुकानात तयार असतात, तासाभरात चष्मा मिळतो. असल्या नंबरच्या काचा ऑर्डर देऊन बनवून घ्याव्या लागतात. आठवडा सहज जातो. कॉन्टॅक्ट लेन्स तिला सोसल्या नव्हत्या, पंडरीच्या बाजारातल्या कापडाच्या धुळीनं डोळे लाल व्हायचे.

पंडरीत ती एका होलसेल कापड दुकानात बिलिंग करायची. नवऱ्याला, सुनीलला, ते नको होतं. बायको रोज बाहेर जाते, चार माणसांशी बोलते, फोनवर हसते. बोलून भागलं नाही तेव्हा त्यानं सोपा उपाय शोधला. कुलूप लावायला नको, दोरीनं बांधायला नको. चष्मा मोडला की आठवडाभर ही घरात, भिंतीला धरून चालणारी. शेजारीपाजारी म्हणणार, किती धांदरट बाई आहे.

"सेठ बोलला, आता आणखीन सुट्टी झाली तर दुसरी पोट्टी ठेवीन," रंजना म्हणाली. "ताई, तेवढी एक जागा हाय माही, जिथं मले नावानं बोलावतात."

मी दोन चष्मे करायचे ठरवले. एक तिच्या नाकावर, दुसरा माझ्या ड्रॉवरमध्ये. पुन्हा मोडला तर त्याच दिवशी दुसरा मिळेल. रंजना हसली. तिचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एका गालाला खळी पडते.

आता आमच्या कम्प्युटरची गंमत. चष्मा तयार झाला की तो आपोआप ग्राहकाच्या फोनवर मेसेज पाठवतो. पहिला चष्मा घेऊन रंजना गेली. दुसरा तयार झाला, तसा मेसेज गेला. आणि रंजनाच्या नावापुढे फोन नंबर होता सुनीलचा.

दुसऱ्या दिवशी तो हजर. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. तो इथल्याच गुढियारी वस्तीतला मराठी पोरगा, पण बोलला हिंदीत.

"दीदी, एक चश्मा तो उसके पास है। ये दूसरा किसलिए? लाइए, मैं ले जाता हूँ।"

गल्ल्यावर आमचे मालक गोविंदभैया बडीशेप चघळत बसले होते. पंचाहत्तरीचे आहेत. जन्मभर डिस्काउंटवरून ग्राहकांशी भांडत आले, पण एक ग्राहक कधी तोडला नाही. मला वाटलं, देऊन टाका म्हणतील.

"जिसकी नाक, उसका चश्मा," ते वर न बघता म्हणाले. "उसको भेजो।"

"मैं पति हूँ उसका।"

"हव। पर नंबर तो उसका है। आपको कुछ दिखेगा नहीं इसमें।"

सुनील हसला, नमस्कार करून गेला. तो गेल्यावर भैयांनी मला फर्मावलं, "मॅडमजी, ड्रॉवर को ताला लगाओ।" त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. लगेच त्यांनी लाइटबिलावरून कुरकुर केली असती.

काही दिवस शांततेत गेले. मग एका सकाळी शटर वर करतो न करतो तोच दारात एक म्हातारी. नऊवारी, घामेजलेली. पदराच्या गाठीतून तिनं चष्म्याचे तुकडे काढले. मी फ्रेम ओळखली.

"मी रंजनाची सासू. तो दुसरा चष्मा द्या बाई."

मी चाचरले. मुलानंच पाठवलं असेल तर? रंजनाचा स्वतःचा नंबर मी नंतर घेऊन ठेवला होता; लावला, तर फोन बंद.

"काकू, तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोन पाठवते? माही मी आली." तिनं पदरानं घाम पुसला. "पोट्टी घरात चाचपून राहिली. चहाचं भांडं अंगावर घेतलं असतं आज. तो माह्या पोटचा हाय म्हणून इतके दिस मी तोंड शिवून बसली. आता नाई पाहवत."

मला तिचं खरं वाटलं. तरी थोडी भीती उरलीच. भैयांनी ती ओळखली. "हाई नंबर का चश्मा फिटिंग के बिना देते नहीं, माताजी। मॅडमजी घर आएँगी। होम सर्विस।"

आमच्या दुकानात होम सर्विस नावाचा प्रकार कधीच नव्हता.

काकूंना स्कूटीवर मागे बसवलं. रस्ताभर त्यांनी माझा खांदा असा धरला की नखं रुतली. सुनील कामावर गेला होता. रंजना खाटेवर बसली होती, पावलांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून. मी चष्मा तिच्या नाकावर ठेवला, कानामागे काड्या बसवल्या. आधी तिनं मला बघितलं. मग सासूला. आणि मग भिंतीवरचं घड्याळ.

"ताई, पंडरीले सोडून देता? अर्धा दिवस तरी भेटून जाईल."

रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी स्कूटी काढली.

चष्मा मोडूनही बायको कामावर गेली, हे सुनीलला संध्याकाळी कळलं. चष्मा मोडून भागेना, तेव्हा त्यानं हात उचलला. याची धास्ती मला होतीच. म्हणून तिला पंडरीला सोडताना मी महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला होता. त्या संध्याकाळी रंजनानं तो नंबर ओरडून सांगितला आणि फोन सासूबाईंनी लावला. महिला ठाण्यात पोटच्या मुलाविरुद्ध जबाबही त्यांनीच दिला. घर त्यांच्या नावावर होतं. सुनीलचे कपडे त्यांनी पिशवीत भरून दाराबाहेर ठेवले. आठवडाभर जेवल्या नाहीत, असं रंजना सांगते. आईच ती.

केस चालू आहे. सुनील मित्राकडे राहतो. रंजना पंडरीलाच आहे, आता नव्या मुलींना बिलिंग शिकवते.

मागच्या महिन्यात सासू-सून दुकानात आल्या. कुठलाही चष्मा मोडलेला नव्हता. रंजनाला नुसती नवी फ्रेम हवी होती. आजवर सुनीलनं निवडलेली तपकिरी फ्रेमच ती घालत आली होती. दोघींनी दुकान डोक्यावर घेतलं. ही नको, ती दाखवा. काकू प्रत्येक फ्रेम आधी स्वतः घालून बघत होत्या. भैया तर बडीशेप खायची विसरले.

शेवटी तिनं मोठी, लालभडक फ्रेम उचलली. मी माझं काम केलं. "मोठी फ्रेम घेऊ नकोस. तुझ्या नंबरला काच कडेला जाड होते, सगळ्यांना दिसेल."

"दिसू द्या नं ताई."

धंद्याचा नियम असा, की मोठ्या नंबरला लहान फ्रेम द्यावी. मी लाल फ्रेमची ऑर्डर लिहिली. एक नाही, दोन. दुसरा चष्मा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवते आणि कुलूप लावते. मेसेज आता रंजनाच्याच फोनवर जातो.