आमच्या शाकाहारी विहिरीचा वास

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या घरात चार पिढ्यांत अंडं आलेलं नाही. त्यामुळे विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला, तेव्हा तो कशाचा हे कुणालाच ओळखता येईना.

"गटाराचा असंल," लेक सुमा म्हणाली.

"उंदीर मेला असंल," आमची ही म्हणाली.

मी पेला नाकाशी धरला आणि बोलून गेलो, "छट्! सडक्या अंड्याचा हाय."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. "तुमाला कसं ठाऊक?"

"शाळेत... प्रयोगशाळेत गंधक असतंय ना!" (मी शाळेत क्लार्क. प्रयोगशाळेची फक्त किल्ली माझ्याकडं असते. खरं तर शाळेच्या कामानं हिंगोलीला जाताना कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यात माझं डबल ऑम्लेट ठरलेलं. हे आपल्यातच राहू द्या!)

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रविवारी सुमाला बघायला वाशीमचे पाहुणे येणार होते. पोरगं सुमाच्या मनात भरलेलं, घर कडक शाकाहारी. आणि आम्ही त्यांच्या हातात अंड्याच्या वासाचं पाणी ठेवायचं?

मी माठात केवडा ओतला. केवड्यात उकडलेलं अंडं तयार झालं! मग विहिरीत अंदाजपंचे ब्लिचिंग पावडर टाकली. सुमाच्या नव्या ओढणीचा रंग उडाला, वास तिथंच! वास बाहेर येऊ नये म्हणून विहिरीवर पत्रा ठोकला. शेवटी देवाला साकडं घातलं. रोज टोपलीभर झेंडू! निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून आजोबांपासूनच्या रीतीनं विहिरीतच सोडत होतो, पत्र्याची कड उचलून. पूजा वाढली तसा वासही वाढला.

"देव परीक्षा बघून राहिलाय," मी म्हणालो.

"देव न्हाई, पाहुणे बघतील आता! रशीदभाईंना बोलवा," ही कडाडली.

शेजारचे रशीदभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. दुकान बंद ठेवून आले, पत्रा काढला, मोटार लावून विहीर उपसली. तळाशी गुडघाभर काळा गाळ, त्यात सडलेले हार आणि दिवाळीपासून हरवलेलं माझं ताम्हन!

"भाऊ, ही अंडी तुमीच घालून राहिले की!" रशीदभाई खालून ओरडले. "फुलं खाली सडतेत, वरून झाकण ठोकलं. हवा कुठून मिळंल?"

त्यांनी गाळ काढला, नवं पाणी भरू दिलं, बेतानं पावडर टाकून दिवसभर ठेवलं आणि तेही पाणी उपसून टाकलं. पत्र्याच्या जागी जाळी बसवली. टाकीचा पाइप उंच बांधला, म्हणजे पाणी हवेतून पडेल आणि उरलासुरला वास उडून जाईल. मी पेला हुंगला. नुसतं पाणी! मला भरून आलं. मी सरळ त्यांचे पाय धरले.

"अहो भाऊ, सोडा! शेवाळ हाय, घसरून पडंन मी!"

रविवारी मुलाचे वडील दोन पेले पाणी प्याले. "गोड हाय हो पाणी तुमचं!" मी मनातल्या मनात रशीदभाईंना हात जोडले. तेवढ्यात मुलाचे वडील माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "तुमाला कुठंतरी बघितलंय..."

"शक्यच न्हाई!"

"हां! कनेरगाव नाका! कोपऱ्यातलं टेबल, डबल ऑम्लेट!"

आमच्या हिनं डोळे वटारून माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्या मंडळी हळूच त्यांच्याकडं वळल्या. "अन् तुमी तिथं काय करून राहिले होते?"

सोयरीक जुळली. निर्माल्य आता जास्वंदीजवळच्या खतखड्ड्यात जातं आणि रशीदभाईंसाठी लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवलीय. मी हिंगोलीहून परतलो की ही आधी पाण्याचा पेला हुंगते, मग माझं तोंड. पेला दर वेळी पास होतो.