साक्षीदार नसलेला करकोचा

आमच्या पक्षीमंडळाची यादी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधले एक सरकारी साहेब ठेवतात. नियम एकच: पक्षी दोघांनी पाहिला, तरच यादीत. या नियमापायी त्यांनी माझे चार गरुड आणि एक शहामृग नामंजूर केले आहेत.

ऑक्टोबरात आम्ही यमुनेतल्या बेटावर गेलो. बेट एवढंसं, की एकजण शिंकला तर दुसरा पाण्यात पडावा! साहेब नऊ वर्षं काळ्या करकोच्याची वाट बघताहेत. आम्ही सगळे पराठ्यांवर वाकलेलो असताना तो नेमका त्यांच्या डोक्यावरून गेला. ते ओरडले, आम्ही माना वर केल्या, तोवर आकाश रिकामं.

"लिहा ना साहेब!"

"साक्षीदार नाही." उघडलेलं पेन हातातच होतं.

"मी आहे ना! मी पाहिला!"

"तुम्ही लोणचं पाहत होता, यार."

आणि त्यांनी पेन खिशात ठेवलं.

असा संताप आला मला! उभ्या जन्मात एकदाच मी दुसऱ्यासाठी खोटं बोललो, तेही नामंजूर! परतताना नावेत मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. चडफडत काठापर्यंत आकाशाकडे बघत राहिलो. तो परत आलाच, तर निदान हा एक पक्षी मला खरोखर पाहायचा होता.