आतून कडी

इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला तिला एक सामायिक अभ्यासिका आखायची होती. तिथे कुणी अभ्यास करेल, कुणी ऑफिसचं काम. घरी मात्र दोन खोल्यांत सहा माणसं आणि टेबल एकच, तेही वहिनीच्या शिलाई मशीनसाठी. वहिनी स्वयंपाकाला उठली की ही आपलं ड्रॉइंग पसरायची आणि ती परतली की गुंडाळायची.

अभ्यासिकेच्या कडेला तिनं चार चिमुकल्या खोल्या काढल्या, एका माणसापुरत्या, आतून कडी असलेल्या.

"सगळ्यांच्या जागेत दारं कशाला?" सरांनी विचारलं. "माणसांनी एकमेकांत मिसळायला हवं."

"सर, मिसळणं घरी पोटभर होतं."

वर्ग हसला, सर हसले नाहीत. "दारं काढ, नाहीतर नापास होशील."

तिनं चारही खोल्या खोडल्या आणि तिथे एक लांबलचक टेबल काढलं.

ती पहिली आली. कॉलेजच्या प्रदर्शनाला सगळं घर लोटलं. बाबा भेटेल त्याला "ही आमची मुलगी" म्हणून सांगत सुटले. वहिनी मात्र ड्रॉइंगपुढून हलेना.

"छान झालंय गं," ती हळूच म्हणाली. "पण यात एकटीनं बसायचं कुठे?"

तेवढ्यात भावानं फोटोसाठी सगळ्यांना हाक मारली. "सरका, आणखी जवळ सरका!"