दारातले हिवर

लढाईच्या काळात लग्न होऊन मी माणदेशातल्या एका गावात आले. माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठी. उसात शिरलेलं माणूस दिसत नसे. सासरी बघावं तिकडं माळ आणि माळावर छातीला लागणारी हिवराची काटेरी झाडं. "ही झाडं का झुडपं?" मी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना विचारलं. "माज्या लग्नातबी एवढीच हुती," त्या म्हणाल्या. मला वाटलं, थट्टा करतात.

नवरा पलटणीत. घरी सासूबाई, मी आणि सात शेळ्या. फाल्गुनात वडील भेटायला येणार असा निरोप आला आणि मला दारातल्या चार हिवरांची लाज वाटायला लागली. वडिलांना वाटेल, लेक काट्यात दिली. सासूबाई शेळ्या घेऊन माळावर गेल्या तशी मी कुऱ्हाड उचलली. हात सोलून निघाले, पण दुपारपर्यंत चारही बुंध्याशी तोडले, अंगण सारवलं. स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

सासूबाई परतल्या आणि बघतच राहिल्या. फांद्या कोवळ्या शेंगांनी भरल्या होत्या. त्या मी पाहिल्याच नव्हत्या. वैशाखात माळावर काडी उरत नाही, तेव्हा शेळ्या या शेंगांवरच जगतात, एवढंच त्यांनी सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वडील कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं आले. शेतकरी माणूस, पहिली नजर बुंध्यांवर गेली. "शेंगांवर आलेला हिवर कुणी तोडला?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते.

"मीच तोडला, पावणं," सासूबाई म्हणाल्या. "वाटंत येत हुता."

वडील हसले. "आवं इहीणबाई, मग दुष्काळाला कशाला नावं ठेवता?"

सासूबाईंनी मान खाली घातली. मी वडिलांच्या हातात तांब्या दिला आणि चुलीकडं गेले.

वडील परत गेल्यावर मी सासूबाईंचे पाय धरले. "बापासमोर लेकीला कशी खाली पाडू?" त्या म्हणाल्या. "ऊठ, शेळ्या सोड." त्या उन्हाळ्यात पाल्यासाठी आम्ही रोज दोन कोस डोंगरापर्यंत जायचो. तरी तीन शेळ्या आटल्या आणि दोन विकाव्या लागल्या.

पुढं वडील चारचौघांत हसून सांगायचे, आमच्या लेकीची सासू शेंगांसकट झाडं तोडते. मी तिथंच बसलेली असायचे. सासूबाई गेल्या, त्यांच्या दहाव्यालाही वडिलांनी ते सांगितलं. मी तेव्हाही गप्पच राहिले.